मोजणीची घंटा आणि अर्धी दाढी

आमच्या दाजींना ओळखत नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही, कारण प्रत्येकाचं डोकं कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा न्हाव्याचा. दुकानात दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीलगत एक बाक आणि त्या बाकावर कायम कुणीतरी असा की ज्याला दाढीही करायची नाही आणि घरीही जायचं नाही. दाजींचं वय अडुसष्ट. बोलणं इतकं संथ, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याने चहा पिऊन यावं. मी त्यांच्या अगदी उलटा. माझं डोकं पटकन तापतं, हे मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे ताईला ते कष्ट नकोत.

मी कोर्टात टायपिस्ट होतो, एकतीस वर्षं. निकाल टाईप करणं हे माझं काम. शेवटच्या पानावर शिक्षेचा आकडा यायचा, तो आधी अंकात आणि मग अक्षरी लिहायचा, कागद ओढून काढायचा आणि दुसरा घालायचा. कागद निघाला की तो माणूस माझ्या लेखी संपला. पुढे त्याचं काय होतं याच्याशी मला काय देणंघेणं? चुकलास ना, मग भोग. एवढं सरळ गणित होतं माझं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

आणि माझ्याच बहिणीचा नवरा आठवड्यातून दोनदा तुरुंगात जाऊन त्याच लोकांना दाढी करायला शिकवत होता! मला हे कळलं तेव्हा मी ताईच्या घरी जाऊन तासभर तोंड सोडलं. ‘अहो, ज्यांना आम्ही आत घालतो त्यांच्या हातात तुम्ही वस्तरा देता? काही अक्कल?’ दाजी शांतपणे म्हणाले, ‘वस्तरा नाही रे. आधी फुगा देतो.’

हे फुग्याचं सांगायला हवं. अठरा वर्षांपूर्वी दाजी कैद्यांचे केस कापायला म्हणून आत जाऊ लागले. कापायचे कसले, मशीन फिरवायचं नुसतं. तासाला चाळीस डोकी, सगळी सारखी. एक दिवस मशीन बंद पडलं, म्हणून दाजींनी कात्री काढली आणि सवयीने समोरच्याला विचारलं, ‘कसे कापू?’ त्या माणसाने नुसतं डोकं पुढे केलं. दाजींनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो रडायला लागला. सहा वर्षांत त्याला कुणी ‘कसं’ असं विचारलंच नव्हतं म्हणे. मी म्हटलं, ‘त्याने ज्याला मारलं त्याला विचारलं होतं का, कसं मारू?’ दाजी म्हणाले, ‘नसेल विचारलं. म्हणूनच मला वाटलं, ह्या लोकांना विचारायची सवय लावावी.’ झालं! त्यानंतर त्यांनी अर्ज केले, खेटे घातले, आणि तुरुंगातल्या एका रिकाम्या खोलीत न्हावीकामाचा वर्ग सुरू केला.

वर्गात पहिले सहा महिने फुगे. फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो असा काढायचा की फुगा फुटता कामा नये. पहिल्याच दिवशी फुगा फुटला, बाहेरच्या हवालदाराला वाटलं गोळी सुटली, त्याने शिट्टी फुंकली आणि अख्खी बराक आडवी झाली. दाजी फेसाने माखलेले हात वर करून खोलीच्या मधोमध उभे! हा किस्सा सांगताना ताईला आजही हसू आवरत नाही.

त्या वर्गात एक जण होता. वस्तरा हातात आला की घाई करायचा. दाजी दर मिनिटाला ‘सावकाश’ म्हणायचे, दहा फुगे फुटले तरी ‘सावकाश’ म्हणायचे, तेव्हा बाकीच्यांनी त्याचं नावच सावकाश ठेवलं. दोन वर्षांत त्याचा हात असा बसला की दाजी म्हणायचे, माझ्यापेक्षा बरा. हे मात्र ते हळूच म्हणायचे, कारण त्यांचा स्वतःचा हात आता वयाने थरथरायला लागला होता. दुकानातली दुसरी खुर्ची कारागीर मिळेना म्हणून रिकामी होती, आणि ती सावकाशला द्यायची असं दाजींनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

सावकाशला दहा वर्षांची शिक्षा होती, त्यातली सात झाली होती. कैद्यांना लवकर सोडायचं की नाही हे ठरवणारं मंडळ दोन वर्षांतून एकदा बसायचं, ते पुढच्या महिन्यात बसणार होतं. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या : बाहेर काम देणाऱ्याचं पत्र, धंद्याच्या परीक्षेचा दाखला, आणि गेल्या वर्षभरात एकही शेरा नसलेली फाईल. पत्र दाजींनी कधीच लिहून ठेवलं होतं. फाईल स्वच्छ होती. राहिली होती ती परीक्षा. आणि तिथेच घोडं अडलं होतं, कारण परीक्षेच्या नियमात लिहिलं होतं, की ज्याची दाढी करायची तो माणूस कैदी नको, तुरुंगातला कर्मचारी नको, उमेदवाराच्या ओळखीचा नको, आणि त्याची किमान तीन दिवसांची दाढी वाढलेली हवी.

आता सांगा, कैद्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला बाहेरचा कोण शहाणा येणार? मागच्या वर्षी कुणीच आलं नाही, म्हणून परीक्षाच रद्द झाली. ह्या वर्षी दाजींनी दुकानात येणाऱ्या एकेकाला विचारलं. एकाच्या मानेला अचानक पुरळ आलं. दुसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो, आणि पुन्हा दुकानातच आला नाही. बाकावरच्या कायमच्या मंडळींपैकी एकाने तर जाहीर करून टाकलं की आपण आता जन्मभर दाढी राखणार आहोत. परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा दाजी माझ्या घरी आले.

‘मेहुणेबुवा,’ ते म्हणाले, ‘तू चल.’

‘नाव काय त्याचं?’ मी विचारलं. दाजींनी सांगितलं, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. तो निकाल मी टाईप केला होता. बाजारात गाळ्याच्या जागेवरून भांडण झालं, आणि ह्याने पोती कापायच्या कटरने शेजारच्या फळवाल्याचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. अकरा सेंटिमीटर. ते अक्षरीसुद्धा टाईप केलं होतं मी.

मग काय विचारता! मी उसळलोच. ‘दाजी, तुमचं डोकं फिरलंय. त्याला शिक्षा म्हणून आत ठेवलंय की हुन्नर शिकायला? आणि त्या फळवाल्याचं काय? त्याचा गाल कुठल्या वर्गात भरून देताय तुम्ही?’

दाजींनी मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, ‘फळवाल्याची दाढी मीच करतो, दर गुरुवारी. त्या व्रणावरून ब्लेड नेता येत नाही, कातडी ओढून धरावी लागते आणि उलट दिशेने जावं लागतं. सात वर्षं करतोय. सावकाशने वर्गात नाव घातलं तेव्हा मी आधी फळवाल्याला विचारलं. तो नको म्हणाला असता तर मी घेतलं नसतं.’

‘मग? काय म्हणाला तो?’

‘एक गुरुवार दाढीला आलाच नाही. मग म्हणाला, तो आत सडला म्हणून माझा गाल काही भरला नाही. बाहेर येईल तेव्हा परत कुणाचा फाडणार नाही असं काहीतरी करा त्याचं. पण त्याला माझ्यासमोर उभा करू नका, मी काही देवमाणूस नाही.’

 समोरचा बरोबर बोलला की माझा राग दुप्पट होतो, म्हणून मी दाजींना सरळ जा म्हणून सांगितलं. ताईचा फोन आला : ‘तुझ्या मानेला सोन्याचा मुलामा दिलाय का रे?’ तिच्यावरही चिडलो. तीन दिवस घरात धुमसत होतो. जेवलो नाही धड, पेपर वाचला नाही, दाढी केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर काय, नियमात बसणारी तीन दिवसांची दाढी तयार! स्वतःवरच इतका वैतागलो की शर्ट घातला आणि दाजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. दाजींनी पिशवी उचलली आणि चालू लागले. डोळे मात्र पुसत होते, मी पाहिलं.

तुरुंगातली ती खोली म्हणजे पूर्वीचं धान्याचं कोठार. वर दोन जाळ्या, खाली सिमेंट, मधोमध दाजींच्याच दुकानातली जुनी खुर्ची, पाय ठेवायची पट्टी तुटलेली. काचेचा आरसा आत चालत नाही, म्हणून भिंतीला घासून चकचकीत केलेला पत्रा लावलेला. त्यात माझं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. सावकाश कोपऱ्यात उभा होता, हात मागे, नजर खाली. मला वाटलं होतं माणूस धिप्पाड असेल. हा तर चष्मा लावणारा, कानावर केस पिकलेला, किडकिडीत इसम.

परीक्षा दहाला होती. परीक्षक आले सव्वाअकराला. गाडी बंद पडली म्हणाले. हातात फळी, तिला लावलेला छापील तक्ता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘नियमाप्रमाणे’. पंचेचाळीस मिनिटं वेळ, नियमाप्रमाणे. दारात हवालदार उभे राहिले, ब्लेड मोजून दिलं, वहीत सही घेतली. दाजींना भिंतीशी बसवलं आणि एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलं.

‘साहेब, कशी करू?’ सावकाशने मला विचारलं.

‘कशी म्हणजे? सगळी काढ,’ मी खेकसलो. आवाज मला हवा होता तितका मोठा निघाला नाही. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. खुर्ची मागे झुकली, मान वर झाली, गरम पाणी लागलं, फेस लागला, आणि मला ते अकरा सेंटिमीटर आठवत राहिले. वस्तरा लागला तेव्हा मी श्वास धरला. पण हात हलका होता. फेसाचा एक पट्टा काढायचा, वस्तरा पुसायचा, बोटाने कातडी ताणायची, पुन्हा एक. घाई नाही कसली. उजवा गाल झाला, हनुवटी झाली, आणि मी हळूहळू श्वास सोडायला लागलो. डाव्या बाजूला, अगदी कानाखाली, वस्तरा माझ्या मानेवर टेकलेला होता आणि तेवढ्यात घंटा झाली.

कैद्यांची बाराची मोजणी! दाजींचा वर्ग नेहमी अकराला सुटायचा, त्यामुळे अठरा वर्षांत त्यांना ह्या घंटेशी कधी काम पडलं नव्हतं, आणि परीक्षकांच्या उशिराच्या गडबडीत ती कुणाच्या लक्षातच आली नाही. घंटा वाजली की कैद्याने हातातलं जिथल्या तिथे टाकायचं, जवळच्या भिंतीला तोंड करून दोन्ही तळहात वर टेकवायचे, आणि हे सगळं घंटा थांबायच्या आत. न केलं तर फाईलवर शेरा. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की मानेवरचा वस्तरा थरथरला.

मी डोळे मिटले. खरं सांगतो, ताईची शपथ घेऊन सांगतो, मला वाटलं आपला खेळ खल्लास.

आणि मग टक्क असा आवाज झाला, वस्तरा मिटल्याचा. ताटलीत ठेवल्याचा दुसरा आवाज. माझ्या तोंडावर गरम टॉवेल आला, आणि कानाशी कुणीतरी कुजबुजलं, ‘साहेब, हलू नका. आलोच.’ मग धावत गेलेली पावलं. घंटा त्याच्या आधीच थांबली होती.

टॉवेलखाली मी अंधारात. बाहेर गोंधळ उठला.

‘घंटा थांबल्यावर लागला हा भिंतीला,’ हवालदारांचा आवाज. ‘आठ सेकंद उशीर. शेरा लिहावा लागेल.’

‘आणि नियम चौदा,’ परीक्षकांचा आवाज. ‘उमेदवाराने गिऱ्हाईक अर्धवट ठेवून खुर्चीपासून दूर जाऊ नये. परीक्षा इथेच संपली. नापास.’

‘अरे, काय चाललंय काय!’ हा आवाज मी ओळखलाच नाही. ते दाजी होते. चाळीस वर्षांत त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. ‘गेला म्हणून तुम्ही नापास करता, आणि उशिरा गेला म्हणून तुम्ही शेरा लिहिता! त्याने करायचं काय? स्वतःचे दोन तुकडे करायचे? एका माणसाला दोघांनी दोन तऱ्हेने वळण लावायचं आणि मग दोघांनीच बुक्के मारायचे, ही कुठली शिक्षा?’

मोजणी होईपर्यंत सगळे तसेच. मीही हललो नाही. मला ‘हलू नका’ म्हणून सांगितलं होतं ना! आकडे मोजत कुणीतरी बराकीतून जात होतं, आणि सावकाश भिंतीशी उभा होता, तीन वर्षं पुन्हा पुढ्यात वाढून ठेवलेली. टॉवेलखाली माझं डोकं तापायला लागलं. पण या खेपेला राग कुणावर येतोय हे माझं मलाच नवीन होतं. ज्या माणसाचा आकडा मी अंकात आणि अक्षरी लिहिला होता, त्याच्यासाठी मी टॉवेलखाली त्या दोघांशी भांडायची वाक्यं जुळवत होतो.

मोजणी संपली तशा अधीक्षक बाई आल्या. नव्याच होत्या, करड्या म्हणून प्रसिद्ध. दोघांनी दोन तक्रारी केल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘खुर्चीतले गृहस्थ जिवंत आहेत ना?’

‘आहे!’ मी टॉवेलच्या आतूनच ओरडलो. ‘आणि मला साक्ष द्यायची आहे!’

आयुष्यभर लोकांच्या साक्षी टाईप केल्या, स्वतः दिली ती ही अशी, खुर्चीत आडवा पडून, तोंडावर टॉवेल घेऊन. मी सांगितलं, घंटा झाली तेव्हा वस्तरा माझ्या गळ्याला टेकलेला होता. त्याला नियमाप्रमाणे हातातलं जिथल्या तिथे टाकायचं होतं. जिथल्या तिथे म्हणजे माझा गळा! त्याने वस्तरा आधी उचलला, मिटला, बाजूला ठेवला. मला झाकलं. हलू नका म्हणून सांगितलं. आणि मग तो स्वतःचं नुकसान करून घ्यायला भिंतीकडे पळाला. ‘ते आठ सेकंद माझे आहेत, बाईसाहेब. शेरा लिहायचा तर माझ्या नावावर लिहा.’

बाईंनी ताटलीतला मिटलेला वस्तरा पाहिला. मग बाईंनी हवालदारांना विचारलं, ‘हा वेळेत लागला असता, तर वस्तरा कुठे असता?’

हवालदार प्रामाणिक माणूस. जरा वेळ डोकं खाजवून म्हणाले, ‘उघडाच, ह्यांच्या अंगावर. नाहीतर त्याच्या हातात.’

‘मग शेरा कशाबद्दल लिहिताय?’

‘नाही लिहीत,’ हवालदार म्हणाले, आणि वही काखेत मारली. त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण त्यांनी इतक्या वेळात पहिल्यांदा टोपी काढून घाम पुसला.

परीक्षक मात्र तक्ता उलटा-सुलटा करत होते. बाई त्यांना म्हणाल्या, ‘मोजणी माझी होती. ती तुमच्या पंचेचाळीस मिनिटांत धरायची नाही.’ ‘तसं लेखी दिलंत तर, नियमाप्रमाणे,’ परीक्षक म्हणाले. बाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं. घड्याळात पाहून परीक्षकांनी मान हलवली : ‘नऊ मिनिटं शिल्लक आहेत. पुरी कर.’

सावकाशने टॉवेल काढला. हात धुऊन आला होता, पण बोटं गार होती. नव्याने फेस लावला, आणि पुन्हा तसंच, एक पट्टा, पुसणं, ताणणं, एक पट्टा. ह्या वेळी मी डोळे उघडे ठेवले. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मला ऐकू आलं, ‘सावकाश, सावकाश.’

झाली. परीक्षकांनी तळवा माझ्या उजव्या गालावरून फिरवला, हनुवटीवरून फिरवला, डाव्या गालावरून फिरवला. कुठे खरचटलंय का पाहिलं. ‘गिऱ्हाईकाची काही तक्रार?’

मी सहज डाव्या कानाखाली हात नेला, आणि बोटाला खुंट लागले. पेराएवढी जागा. जिथे घंटा झाली नेमकी तिथली. परीक्षकांचा हात तिथवर गेलाच नव्हता.  एकतीस वर्षं मी कोर्टात काढली, खोटी साक्ष देणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. आणि आता मी कॉलर वर ओढली, सरकारी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणालो, ‘छे हो! तक्रार कसली? एकदम गुळगुळीत.’

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

‘साहेब,’ सावकाश म्हणाला, ‘डाव्या कानाखाली राहिलंय.’

मी पत्र्याच्या आरशातून त्याच्याकडे असे डोळे वटारले की पत्रा वितळावा. अरे गाढवा, गप! दाजींनी कपाळावर हात मारला. परीक्षकांनी टोपण परत लावलं, माझी कॉलर बाजूला केली, वाकून पाहिलं.

‘मला दिसलं नव्हतं हे,’ ते म्हणाले. ‘ह्यांनीही तक्रार केली नाही. तू कशाला सांगितलंस?’

सावकाश गोंधळला. इतकी साधी गोष्ट कुणी विचारावी असंच त्याला वाटलं असेल. म्हणाला, ‘घरी गेल्यावर त्यांच्या हाताला लागलं असतं.’

परीक्षक त्याच्याकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे. ‘दोन मिनिटं आहेत,’ ते म्हणाले, ‘बघत काय उभा राहिलास? कर की!’ आणि त्या वाक्याच्या शेवटी ते ‘नियमाप्रमाणे’ म्हणायला विसरले.

दोन पट्टे. बस. परीक्षकांनी बोटाने तपासलं, खाली बसले आणि तक्त्यावर लिहिलं. दाजी उठून वाचायला गेले, पण चष्मा ओला झाला होता, त्यांना काही दिसेना. शेवटी हवालदारांनीच मोठ्याने वाचलं : ‘उत्तीर्ण.’ मी खुर्चीतून उठायला गेलो तर तुटक्या पट्टीवरून पाय सटकला.  सावकाशने हात पुढे केला. कैद्याने बाहेरच्याला हात लावायचा नसतो, पण हवालदार त्या वेळी वरच्या जाळ्यांकडे बघत होते. मी तो हात धरला आणि उठलो.

पुढच्या महिन्यात मंडळाने त्याला सोडलं, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच ताटकळत ठेवायची मला सवय नाही. तो आता दाजींच्या दुसऱ्या खुर्चीवर असतो. गुरुवारी मात्र त्याला सुट्टी असते, आणि ती तशीच राहणार आहे.

पण त्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हाचं सांगायचं राहिलं. ऊन टळटळीत होतं. दाजी पिशवी सांभाळत पुढे चालत होते. मग थांबले आणि त्यांच्या त्या संथ सुरात म्हणाले, ‘मेहुणेबुवा, त्याने खरं का सांगितलं ते मला कळलं. तू खोटं का बोललास?’

‘सुटावा असं वाटलं, म्हणून!’ मी ओरडलो. ‘आता काय, लेखी देऊ?’